रायपूरच्या गाडीचे टमाटर

६ ऑक्टोबर
नोकरी लागली. तुमसर रोडजवळच्या भाजीपाला शेडमध्ये, सॉर्टिंग-ग्रेडिंग. इंटरव्ह्यू असा नव्हताच. प्रेरणा मॅडम शेडच्या इन्चार्ज, वयाने माझ्यापेक्षा लहान. विचारलं, दिवसभर उभं राहता येईल का? म्हटलं, वरठीला ठेकेदाराकडे इतकी वर्षं उभाच होतो, ठेका संपला म्हणून बसलो. मग म्हणाल्या, हात चपळ पाहिजे, नजर पाहिजे, लक्ष पाहिजे अन् बडबड कमी. चारही आहेत. खुशबू लाखांदूरला माहेरी गेल्यापासून बडबड तर आपोआपच बंद आहे.
दिवाळीपर्यंत सुपरवायझर होतो. लिहून ठेवतो.

७ ऑक्टोबर
टेबलवर माझ्यासमोर देवकाबाई. शेडमधली सगळ्यात जुनी. टमाटरला भेदरं म्हणते. काम सोपं आहे. कच्चे हिरवे रायपूरच्या गाडीसाठी, पिकलेले लाल इथल्याच बाजारासाठी. लाल माल लांब टिकत नाही.
मले दोन्हींत फार फरक वाटला नाही. म्हणजे मालाची क्वालिटी एकसारखी आहे.

९ ऑक्टोबर
कंबर दुखते. उद्यापासून पहाटे व्यायाम.
देवकाबाई माझ्या रायपूरच्या कॅरेटमधले टमाटर उचलून बाजाराच्या कॅरेटमध्ये टाकते. विचारलं, काहून? म्हणे, "भाऊ, हे लाल हाये." लाइटचा प्रॉब्लेम आहे, मी सांगितलं. मॅडमने ट्यूबलाइट बदलून दिली. फरक नाही. लोकल कंपनीची आणली असेल.

१३ ऑक्टोबर, दुपारी
व्यायाम मग सोमवारपासून ठरला होता. आज सोमवार. पुढच्या सोमवारपासून.
देवकाबाईले स्पष्ट सांगितलं, माझ्या कॅरेटला हात लावायचा नाही, ज्याची त्याची जबाबदारी. "बरं भाऊ," म्हणे. मग नाही लावला.
खुशबूचा फोन आला. जेवता का, विचारलं. म्हटलं, प्रमोशनच्या गोष्टी सुरू आहेत. ती काही बोलली नाही. गावात रेंज नसते.

१५ ऑक्टोबर
रायपूरच्या व्यापाऱ्याने माल नाकारला. फोटो पाठवले. कॅरेटच्या खालून रस गळून राहिला होता. मॅडमने विचारलं, या टेबलवरून पिकलेला माल कोणी भरला? मी म्हटलं, माझी नजर पक्की आहे. खोटं काही बोललो नाही. देवकाबाईने माझ्याकडे पाहिलं. मले वाटलं, आता बोलेल. नाही बोलली. मॅडमने तिले सांगितलं, काही दिवस घरीच राहा, डोळे तपासून घ्या. तिने डबा उचलला, पदर खोचला अन् बसथांब्याकडे गेली.
मले वाईट वाटेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. चहा घेतला. साखर कमी होती.

१८ ऑक्टोबर
टेबलवर एकटा. स्पीड वाढला आहे. रायपूरची तक्रार पुन्हा आली. मॅडम म्हणाल्या, या गाडीच्या वेळी तर देवकाबाई नव्हती. मी म्हटलं, तिच्या गैरहजेरीचाच परिणाम असेल.
मॅडमने दोन हातांत दोन टमाटर धरले. यातला लाल कोणता? मी नीट पाहून डावा सांगितला. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी उजवा सांगितला.

२४ ऑक्टोबर
दिवाळी झाली. घरी एकटाच होतो. दिवा लावला.
आज भंडाऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मॅडमनेच पाठवलं. डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक उघडलं अन् म्हणाले, आकडा वाचा. मी विचारलं, कोणता आकडा? त्यांनी बरीच पानं उलटली. शेवटी म्हणाले, जन्मापासूनच आहे, तुम्हाला लाल अन् हिरवं वेगळं दिसत नाही, याला औषध नाही. छपाई फिकी आहे, मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. चष्मा मात्र लागला नाही. म्हणजे नजर चांगलीच आहे.

सायंकाळी खुशबूले फोन केला. म्हटलं, माझे डोळे जरा वेगळे निघाले.
"मले माहीत हाये," म्हणे. "लग्न झालं त्याच साली समजलं. लाल मिरच्या तोडून आणा म्हटलं, तं तुमी सगळ्या हिरव्या आणल्या."
"मंग सांगितलं काहून नाही?"
"सांगितलं होतं. तुमी म्हणले, उन्हाचा प्रॉब्लेम हाये."
आठवत नाही.

२७ ऑक्टोबर
देवकाबाई परत आली. टेबल तिचं. माझी बदली कॅरेट धुण्यावर. हाही डिपार्टमेंटच आहे. स्वच्छ कॅरेटशिवाय ग्रेडिंगला अर्थ नाही.
देवकाबाई नळावर आली. "चाय घेता का, भाऊ?" विचारलं. मले तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. तोंडापर्यंत आलं. मग पाइप चालू केला. पाण्याचा आवाज मोठा असतो.

३ नोव्हेंबर
सकाळी फोनवर खुशबूले विचारलं, कधी येतेस? म्हणे, "धान पिकलं की येईन म्हटलं होतं ना."
ड्युटी संपल्यावर घरी जाताना रस्त्यात मोटरसायकल थांबवली. धानाच्या बांधावर उभा राहून बराच वेळ पाहिलं. कालच्यासारखंच होतं. लोंबा झुकल्या होत्या, पण त्या हवेने असतील. बांधावरून एक माणूस आला. काय पाहून राहिले, त्याने विचारलं. म्हटलं, धान अजून हिरवंच आहे ना? तो हसला. मग माझं तोंड पाहून थांबला.
"पिवळं झालं ना, भाऊ. कधीचं. मजूर नाही भेटत म्हणून उभं हाये."
तिथूनच खुशबूले फोन लावला. म्हटलं, इकडे धान पिकलं.
"हो," ती म्हणाली. "इकडे तं कापून झालं."
मी थांबलो. तीही थांबली. रेंज फुल होती.