दुपारी टीव्ही माझा

६ मे
सतीशला आज सांगून टाकलं. तुझ्या लॅपटॉपवर यापुढं एक ओळ लिहिणार नाही.
"एका पानासाठी एवढं?"
एका पानासाठीच. माझ्या कथेतलं पान त्यानं मला न विचारता काढलं. खालचा मजकूर वर सरकून बसलेला, जणू मधे काही नव्हतंच. कारण काय, तर आईला काय वाटेल. सासूबाई स्वतःच्या लग्नानंतर दुधनीला माहेरी निघून गेल्या होत्या आणि वर्षभर आल्या नव्हत्या, एवढंच होतं त्यात. त्यांनीच सांगितलेलं, ज्वारी निवडता निवडता. मला. त्याला नाही.
वहीत लिहिता येतं. पण मासिकवाल्यांना टाइप केलेलं लागतं. आणि मुद्दा तो नाहीच.

८ मे
मुक्ताच्या कपाटात तिच्या कॉलेज प्रोजेक्टचा बोर्ड सापडला. तळहाताएवढा, हिरवा, उघडाबोडका. यात म्हणे अख्खा कॉम्प्युटर. पुण्याला फोन लावला.
"घे की आई. पण विंडोज नाही चालायचं त्यावर. लिनक्स टाकावं लागेल."
"कसं टाकतात?"
"आई, माझी परीक्षा आहे गं."
बरं. माझीही आहे.

९ मे
बोर्डात घालायचं मेमरी कार्ड आणायला इथल्या नव्या पेठेत गेले. डोक्यावर ऊन सोसवत नव्हतं. दुकानदारानं कशाला पायजे विचारलं, मी सांगितलं.
"म्याडम, ते इंजिनिअरिंगच्या पोरांचं काम हाय. तुमाला न्हाय जमायचं. टॅब घ्या की, नातवंडंबी खेळतील."
नातवंडं! केस रंगवायचे सोडले ते असं अंगाशी येतंय. कार्ड द्या म्हटलं. चार्जरही घेतला. घरी येईपर्यंत मनात त्याला तीन उत्तरं दिली. एकही तिथं सुचलं नव्हतं.

११ मे
कार्डावर लिनक्स उतरवायला शेवटी सतीशचाच लॅपटॉप. तो मागं उभा.
"यावर लिहिणार नव्हतीस ना?"
"लिहीत नाहीये. कार्ड भरतेय."
नेट रांगत होतं, म्हणून यादीतली सगळ्यात लहान फाइल घेतली.

१२ मे
मॉनिटर कुठून आणायचा? टीव्हीला जोडलं, मुक्ताचा जुना कीबोर्ड-माउस लावला. जेवणानंतर टीव्ही रिकामाच असतो, समोर खाटेवर सासूबाई डोळा लावतात.
चालू झालं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. नाव विचारलं, दिलं. पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. पुढं काहीच नाही. चित्र नाही, बाण नाही. एक रेघ लुकलुकत बसली.
सतीश ऑफिसातून उशिरा जेवायला येतो, तसा आला. "हे काय, रेल्वेचं रिझर्व्हेशन?"
लहान फाइल म्हणजे डेस्कटॉप नसलेली, हे आत्ता कळलं. तो वेगळा बसवायचा. तसा हुकूम टाइप करायचा. करीन.
जेवायला बसता बसता त्यानं विचारलं, "पासवर्ड काय ठेवलास?"
"माझा आहे."
"घरात कसला पासवर्ड?"
पासवर्ड दिला नाही. वाढायचं मात्र वाढलं.

१४ मे
डेस्कटॉप बसता बसता अर्ध्यात पडदा गोठला. बंद करून चालू. परत तेच.

१५ मे
कार्ड पुसून पहिल्यापासून. तिथंच येऊन अडकलं.
सतीश : "दुकानदार खरं बोलला म्हणायचं."
वाईट हे, की तो चेष्टेत म्हणाला आणि मला क्षणभर पटलं. भांडी घासताना नळ मोठा सोडला. रडणं तिथंच उरकलं.

१६ मे
सापडलं!
बोर्डाला हात लागला आणि चटका बसला. वर कव्हर होतं. सासूबाईंनी परवा शिवलेलं, जाड टॉवेलच्या कापडाचं, कडेला लाल पट्टी. आमच्याकडे मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटला प्लास्टिक. उघडं यंत्र त्यांना बघवत नाही. मीच म्हणाले, किती छान झालंय. आणि त्यांना बरं वाटावं म्हणून चालू असतानाही काढत नव्हते. आमच्या उन्हाळ्यात, त्या एवढ्याशा जिवावर टॉवेल.
कसं सांगावं? म्हटलं, "आई, याला उकडतंय."
"अय्यो! मग आधी सांगायचं की गं." त्यांनीच ओढून काढलं आणि बोर्ड कूलरपुढं ठेवला, जरा लांब, ओल लागू नये म्हणून.
अर्धवट राहिलेलं पुरं कर, अशा अर्थाची एक ओळ टाकली. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. दोघी बघत बसलो.
"काय म्हंतंय?"
"बसवतोय म्हणतंय."
"लई बडबडतंय."

१७ मे
डेस्कटॉप आला. निळा, स्वच्छ, त्यावर कुणाचंही काही नाही. मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. फॉन्ट घातले, मराठी कीबोर्ड घातला. पहिला शब्द लिहिला : मी. बराच वेळ तोच बघत बसले.

२० मे
काढलेलं पान आठवून लिहितेय. तसंच्या तसं येत नाही. पहिल्यांदा लिहिताना मी किती सांभाळून लिहिलं होतं. तरी काढलं. मग सांभाळायचं कशाला?

२२ मे
टीव्हीवर अक्षरं केवढी मोठी दिसतात, आणि खाट समोरच आहे. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.
सासूबाई दुधनीच्या, कानडी शाळेतल्या. मराठी सावकाश वाचतात, ओठ हलवत. आज झोपल्या नव्हत्या. कधीपासून वाचत होत्या, कळलं नाही.
"हे मीच की."
माझे हात थांबले. "काढू का, आई?" विचारलं, आणि स्वतःचाच राग आला. मी पण तेच?
त्या पडद्याकडंच बघत होत्या.
"वर्षानं आले, असं लिवलीस. मी कुटं आले? माज्या बापानं, आप्पानं, आणून सोडलं मला. मी येणारच नव्हते. ते लिव्ह."
लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली. "हं. म्होरं?"
पुढं त्या बोलत गेल्या. ते इथं नाही उतरवत, तिथं आहे.
फाटकाशी सतीशची गाडी थांबली. पडदाभर त्याच्या आईचं तरुणपण. माझा हात माउसकडं गेला.
"राहू दे की," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून नीट बसल्या. "चष्म्याबिगर दिसतंय त्याला पण."
दाराची कडी वाजली. मी पुढची ओळ लिहायला घेतली.