चालीचा बंदोबस्त

५ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीला सुट्टी. मंडळाचे अध्यक्ष आबाजी घरी येऊन सांगून गेले, यंदा चौदा एप्रिलला जयंतीच्या स्टेजवर नवं गाणं माझं. शब्द माझे, चाल माझी, गाणार श्रद्धा. तिचा आवाज चांगला आहे. नवरा म्हणून सांगत नाही, बालवाडीतल्या पोरांवर चढवून कमावलेला आहे.

गाणं आईवर आहे. आई साठी उलटल्यावर श्रद्धाकडून अक्षरं शिकली, त्यावर. 'आईनं पाटी घेतली हाती, अक्षर पाडलं सरळ.' शब्द कोणालाही सुचतील. चाल मात्र सुचणार नाही. अशी चाल पिंपळे गुरवात काय, अख्ख्या जिल्ह्यात नाही. ती सध्या फक्त माझ्या डोक्यात आहे आणि तिथेच सुरक्षित आहे.

आबाजी म्हणाले, थोडी गुणगुणून दाखवा. नकार दिला. त्यांचा मेहुणा बँडमध्ये आहे.

ठरलं. आधी घरीच पद्धतशीर रेकॉर्डिंग करायचं, तारखेसकट, म्हणजे उद्या कोणी चाल उचलली तर पुरावा. माइक आहे, हेडफोन आहेत. फक्त सॉफ्टवेअर निवडायचं. या आठवड्यात होऊन जाईल.

८ फेब्रुवारी, रविवार. फर्स्ट शिफ्ट.
कँटीनमध्ये सनीला विचारलं. सनी आमच्याच लाइनवर आहे, कुरुळीत खोली करून राहतो आणि लग्नांत कीबोर्ड वाजवतो. त्यानं क्षणात एक नाव सांगितलं. 'भावा, फुकट आहे. टाक आणि गा.'

दोन प्रश्न. फुकट का? आणि इतक्या पटकन का सांगितलं? मी क्वालिटीतला माणूस. सायलेन्सर आतून बॅटरी मारून बघितल्याशिवाय पास करत नाही. फुकट सॉफ्टवेअर कसं करीन.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दिवसभर अभ्यास. सॉफ्टवेअरची खरी नावं इथे लिहायची नाहीत, वही कुणाच्याही हाती लागू शकते. सांकेतिक नावं ठेवली. सनीचा तो फुकट्या. महिनाभर फुकट आणि मग पैसे मागणारा तो पाहुणा. पहिल्या दिवसापासून पैसे घेणारा तो थोरला. आणि लॅपटॉपवर न उतरता इंटरनेटमधूनच चालतो तो खिडकीवाला.

खिडकीवाला बाद. गायचं आपल्या बेडरूममध्ये आणि गाणं जाऊन पडणार कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या कपाटात.

श्रद्धानं विचारलं, फोनवर करून टाकू का रेकॉर्ड. हसलो. तिला यातलं कळत नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार. सकाळी.
पाहुणा उतरवला. उघडल्याबरोबर पहिला प्रश्न, मला तुमचा माइक वापरायची परवानगी द्या. लगेच बंद केला. श्रद्धाला दाखवलं, बघ, आल्या आल्या माइक मागतोय. ती म्हणाली, 'रेकॉर्डिंगचंच आहे ना ते?'

मुद्दा तो नाही. मागण्याची पद्धत बरोबर नव्हती.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
बाहेर शिवजयंतीचे ढोल. रेकॉर्डिंग शक्य नाही. माझा दोष नाही. पाहुण्याच्या अटी वाचल्या. सगळं इंग्रजी. एका ठिकाणी 'युजर कंटेंट' असं आहे. युजर म्हणजे मी, कंटेंट म्हणजे माझं गाणं. पुढचं वाक्य इतकं लांब आहे की त्यात नक्की काहीतरी दडवलंय.

जिन्यात गणराज भेटला. वरच्या मजल्यावर राहतो, हिंजवडीत नोकरी करतो आणि रिकाम्या वेळात रील्स बनवतो. म्हणाला, 'राव, थोरला प्रोग्राम घ्या, मी येऊन सेट करून देतो.' मी होम स्टुडिओ करतोय हे याला कोणी सांगितलं? श्रद्धा म्हणाली, बेडरूमच्या दाराला गाद्या लावलेल्या जाता-येता दिसतात.

थोरला तूर्त बाद.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
वायफाय बंद केलं, पाहुण्याला माइकची परवानगी दिली, दार लावलं, हेडफोन घातले. चाल म्हटली नाही, फक्त 'आ' लावला. अंगावर काटा आला. मी गातोय आणि माझ्या मागोमाग कोणीतरी तेच गातंय. हुबेहूब माझ्या आवाजात, किंचित उशिरा.

लॅपटॉपची वायरच उपटली. सनीला फोन. तो म्हणाला, आवाज लॅपटॉपमधून फिरून कानात यायला थोडा वेळ लागतो, सगळ्यांचं होतं, एक सेटिंग कमी करायचं. असेल. पण सगळ्यांचं होतं असं म्हटलं की आम्ही क्वालिटीत पहिला तोच पीस बाजूला काढतो.

पाहुणा बाद. श्रद्धानं वायफाय का बंद म्हणून विचारलं, तिच्या बालवाडीची मीटिंग होती.

५ मार्च, गुरुवार
टेस्ट रेकॉर्डिंग, फुकट्यावर. फक्त टेस्टपुरता. ऐकून बघितलं तर माझा 'आ' बारीक आणि त्यावर भंगारवाल्याचा भोंगा खणखणीत. 'जुना कूलर, जुनी बॅटरी' अगदी शब्दन् शब्द. म्हणजे सॉफ्टवेअर चांगलं आहे पण कोणाच्या बाजूचं आहे ते कळत नाही.

आईनं दाराबाहेरून हाक मारली. आई मूळची परभणीकडची, बोलणं अजून तिकडचंच. 'बाबा, माझ्यावर गाणं केलायस म्हंतेत, मग मला का ऐकिवनास?'

म्हटलं, रेकॉर्ड झाल्यावर. आई शेजारच्या बायकांत बसते. मनात काही ठेवत नाही.

८ मार्च, रविवार. सेकंड शिफ्टच्या आधी.
श्रद्धा म्हणते मला चाल शिकवा, जेमतेम महिना उरलाय. बरोबर आहे. पण एकदा तिच्या गळ्यात गेली की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर. तोड काढली. तिला शब्द सगळे लिहून दिले, चाल फक्त मुखड्याची, आणि त्यातही मधली एक जागा मुद्दाम चुकीची. सनी कीबोर्डवर साथ करणार, त्यालाही मुखडाच, पण मधली जागा वेगळ्या तऱ्हेनं चुकीची. आता चाल फुटली तर कुठल्या चुकीसकट फुटली यावरून चोर सापडेल. कंपनीत आम्ही पार्टवर बॅच नंबर मारतो तसंच.

दोघांनाही गाणं आवडलं. चुकीच्या जागेसकट. खऱ्या चालीला काय होईल.

१२ मार्च, गुरुवार
गणराज जिन्यात शीळ घालत होता. मुखडा. मधली जागा श्रद्धाला दिली तशी चुकलेली.

श्रद्धाची बॅच. तिला सरळ विचारलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, 'हो, मी दिवसभर म्हणते. शाळेत पोरंपण म्हणतात. गाणं म्हणायला नको तर दिलं कशाला?' याला उत्तर नाही असं नाही, पण तिच्या हातात लाटणं होतं.

म्हणजे पद्धत यशस्वी. कडव्यांची चाल कोणालाही द्यायची नाही.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा.
मुहूर्तावर निर्णय घेणार होतो. फुकट्याची नवी आवृत्ती आली म्हणून निरोप आला. आजच का? जुन्यात काय खोट होती ते कोणी सांगत नाही. थांबलो.

दुपारी चाल मनातल्या मनात तपासली. सगळी जागेवर आहे. दुसऱ्या कडव्याची सुरुवात जरा धूसर वाटली, श्रीखंडामुळे असेल.

२ एप्रिल, गुरुवार
श्रद्धा आज शांतपणे बोलली. ती शांतपणे बोलली की मला बरं वाटत नाही. म्हणाली, 'स्टेजवर मी उभी राहणार आहे, तुमचं सॉफ्टवेअर नाही. कडवी देताय की नाही?' म्हटलं, सॉफ्टवेअर ठरलं की लगेच रेकॉर्ड करतो, त्यावरून ऐकून शिक. तिनं वर विचारलं, 'माझ्यावर विश्वास नाही?' म्हटलं, तुझ्यावर आहे, तुझ्या खिडकीवर नाही.

ती उठून आईच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. आतून दोघींच्या बोलण्याचा आवाज, मग बोलणं थांबलं आणि दुसराच काहीतरी आवाज. हेडफोन लावलेले असल्यामुळे नीट कळलं नाही. थोरला आणि फुकट्या यांची तुलना करत होतो.

९ एप्रिल, गुरुवार
दोघी रोज दार लावून बसतात. काहीतरी शिजतंय. परवा सनी आला तर माझ्याकडे न येता थेट तिकडे गेला, कीबोर्ड घेऊन. मी पाणी देण्याच्या निमित्तानं दार वाजवलं. आई आतून म्हणाली, 'रेकॉर्ड झाल्यावर.'

मला वाईट वाटलं नाही. घरात गुप्तता पाळतात हे चांगलंच आहे.

१४ एप्रिल, मंगळवार
सगळं लिहून काढतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही.

स्टेज भरलेलं. मागे निळे झेंडे, पुढे आमचा सगळा भाग, निघोज्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेली आमच्या लाइनवरची पोरं. आबाजींनी नाव पुकारलं. श्रद्धा पांढऱ्या साडीत उठली आणि तिच्याबरोबर आई. आई कधी स्टेजवर चढलेली नाही. तिच्या हातात पाटी होती.

मुखडा श्रद्धानं म्हटला, मधल्या चुकीसकट. खरं सांगायचं तर चुकीचा वाटला नाही. मग कडवं. त्याची चाल मी दिलेलीच नव्हती. शब्द माझे, पण चाल वेगळीच. आईच्या गावाकडे बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या त्या वळणाची, आणि ते वळण श्रद्धानं उचलून मुखड्याला आणून जोडलेलं. सांधा दिसत नव्हता. मी शोधत होतो.

दुसऱ्या कडव्याला आई एकटी गायली. मग पाटी वर धरून तिनं खडूनं लिहिलेलं लोकांना दाखवलं, 'सोजरबाई'. तिचं नाव. माझ्या बाजूला उभा असलेला गणराज रील काढायचं विसरून नुसताच बघत राहिला. मुखडा परत आला तेव्हा सगळी गर्दी म्हणत होती. मीही म्हणत असेन.

आबाजींनी माइकवर सांगितलं, शब्द भीमराज, चाल श्रद्धाताई आणि सोजरबाई. टाळ्या. मी हात वर करणार होतो, पण काय सांगणार. खरी चाल कोणी ऐकलेलीच नव्हती.

घरी आल्यावर आईनं विचारलं, 'कसं झालं बाबा?' म्हटलं, चांगलं झालं. ती रडली, मग माझ्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. मिरवणुकीची धूळ.

विचार केला तर एकंदरीत फायदाच झाला. सगळ्यांचं लक्ष त्या चालीकडे. माझी सुखरूप.

१६ एप्रिल, गुरुवार. सुट्टी.
सॉफ्टवेअर ठरलं. फुकट्या. सनीनं पहिल्या दिवशी सांगितलेलाच, पण आता तो माझ्या तपासणीतून गेलेला आहे, तेव्हा निर्णय माझा.

श्रद्धा आईला घेऊन बहिणीकडे गेलेली. पंखा बंद, खिडक्या बंद, गाद्या लावलेल्या. भंगारवाला येऊन गेला. अशी शांतता या घरात कधी नव्हती. हेडफोन घातले, बटण दाबलं, डोळे मिटले.

'आईनं पाटी घेतली हाती.' इथपर्यंत ठीक. मग मधली जागा आली. श्रद्धाला दिलेली की खरी? सनीला दिलेली म्हणून बघितली. ती नव्हे. खरी लावायला गेलो, तर श्रद्धाचीच लागली. पुन्हा. पुन्हा तीच. कडव्यापासून सुरुवात करू म्हटलं, तर आईचं जात्याचं वळण. दुसरं कडवं, तेच. चाल डोक्यात जिथे ठेवली होती तिथे काहीच नाही.

चोरीच आहे. संशयित तपासले. सनी, त्याच्याकडे फक्त मुखडा. गणराज, त्याच्याकडेही तोच. आबाजींचा मेहुणा त्या दिवशी ताशा वाजवत होता. सॉफ्टवेअरनं चाल कधी ऐकलीच नाही. कोणीच ऐकली नाही. असा पक्का बंदोबस्त मी केला होता.

संध्याकाळी दोघी परत आल्या. रेकॉर्डिंग चालूच राहिलं होतं. श्रद्धानं हेडफोन घातले आणि ऐकत बसली. बरीच शांतता, मग मी, तिच्या चालीत. मी तिचा चेहरा बारकाईनं बघत होतो, काही अपराधीपणा दिसतो का. तिनं हेडफोन काढले. म्हणाली, 'बरंय. दुसऱ्या कडव्यात घाई करताय.'

पुन्हा रेकॉर्ड केलं. ती शेजारी बसून मांडीवर ताल देत होती, आई दारात. चोरी केलेला माणूस इतका निवांत बसत नाही. दोघींना वगळलं.

आता त्या चालीजवळ एकटा राहिलेला एकच माणूस उरतो, आणि तो दुसऱ्या कडव्यात अजूनही घाई करतोय.