न खोडलेलं वाक्य

मयूर विहार, दिल्ली,
९ फेब्रुवारी

प्रिय प्रभा,

फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस. बरी आहेस ना? हं. दादाचा खोकला? हं. म्हणून पत्र. हे तिसरं आहे. पहिल्यात नुसती माफी होती, दुसऱ्यात नुसता वाद, दोन्ही फाडली. यात काय येणार ते मलाही ठाऊक नाही, तेव्हा सांभाळून वाच.

तू पुण्याला गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. धुकं ओसरलंय. मला मेथी निवडता येते हे नव्याने कळलं, फक्त शिजल्यावर ती जाते कुठे ते कळत नाही. अश्लेषा दर रविवारी गुडगावहून येते, फ्रिज उघडून बघते आणि माझ्याकडे बघत नाही. बापावर रागावलीय. पण या भानगडीची सुरुवात तिनेच केली. रिटायर झाल्यावर मी घरात येरझारा घालत होतो, तेव्हा तिनेच ब्लॉग उघडून दिला. रोज अर्धा तास, सुचेल ते लिहायचं आणि लगेच ब्लॉगवर टाकायचं. "बाबा, एडिट बिल्कुल नाही करायचं. आणि आईला आधी दाखवायचं नाही, ती लाल पेन घेऊन बसेल."

तुला ते लागलं होतं का ग? मी तेव्हा विचारलं नाही. पहाडगंजच्या शाळेत तू अठ्ठावीस वर्षं मराठी शिकवलंस. लग्न ठरल्यावर मी धाडलेलं पहिलं पत्रही तू शुद्धलेखन सुधारून परत पाठवलं होतंस, आणि मी ते मित्रांना कौतुकाने दाखवत फिरलो होतो. ऑफिसात वरचा साहेब माझ्या प्रत्येक टिपणावर काट मारायचा, घरी तू. चौतीस वर्षांत माझं एकही वाक्य कुणाच्या तरी हाताखालून गेल्याशिवाय जगात आलं नव्हतं.

त्यामुळे सुरुवातीला काय झालं ते तुला आठवतच असेल. "सकाळी सात वाजता दूध प्राप्त झाले. त्यात पाणी असल्याचे निदर्शनास आले." तुझी हसून पुरेवाट झाली होती. मी खोडलं नाही, नियमच होता तसा. पण रोज लिहिता लिहिता कधीतरी ती फाइलची भाषा हातातून सुटली. नेमकी कोणत्या दिवशी, ते सांगता येणार नाही. पार्कात उन्हात बसून मटार सोलणाऱ्या बायकांवर लिहिलं, तर श्रीरंगचा फोन आला, "यार पद्माकर, मटारचा वास आला मला!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग डिसेंबरात तू भाच्याच्या लग्नाला आठ दिवस गेलीस. चौथ्या दिवशी मी लिहिलं, "प्रभा नसली की घर मोठं होतं, आणि मला बरं वाटतं." अर्धा तास संपला, बटण दाबलं, ब्रेड आणायला गेलो. पुन्हा वाचलंसुद्धा नाही ग. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला श्रीरंगच्या मीनाक्षीवहिनींनी तुला मंडळात सगळ्यांसमोर सांगितलं, "भावजी किती मनापासून लिहितात हो! तुम्ही नसताना घर कसं मोठं होतं..." तू घरी आलीस, चष्मा लावून सगळं वाचलंस, फोन माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "एकही चूक नाही." चार दिवसांनी तुझ्या दादाच्या खोकल्याचं निमित्त करून गाडीत बसलीस.

एकही चूक नाही म्हणजे काय, प्रभा? शाबासकी, की निकाल? तेव्हाच विचारायला हवं होतं. मी बावळटासारखा थँक्यू म्हणालो.

अश्लेषा म्हणते, "डिलीट करा ना बाबा, आई येईल." एका बटणाचं काम आहे. पण खोडलं तर ते खोटं होतं असं होईल, आणि मी खोटं लिहिलं नव्हतं. मग वाटतं, आधी सुचलं म्हणून तेच खरं कशावरून? तू गेल्यापासूनही मी रोज लिहितोय. एके दिवशी लिहिलं, घर खायला उठतं. दुसऱ्याच दिवशी लिहिलं, आज चार वेळा चहा केला, कुणी टोकलं नाही, मजा आली. दोन्ही खरंच वाटलं होतं. लोक दोन्हींखाली "वा" लिहितात. लिहिणं सुधारलं म्हणतात सगळे. माझं डोकं मात्र दिवसेंदिवस जास्तच गोंधळत चाललंय.

काल दुपारी बाल्कनीत बसलो होतो, तर समोरच्या चड्ढा आंटी म्हणाल्या, "भाभीजी कब आएँगी? आप ऑफिस जाते थे तब रोज़ यहीं धूप में बैठके गाती थीं. आप घर पे रहने लगे, तब से सुना नहीं." मी हो हो म्हणालो आणि आत येऊन पलंगावर बसून राहिलो. तू गातेस? तेहतीस वर्षांच्या संसारात मला माहीत नव्हतं. गुडघ्यांमुळे शाळा लवकर सोडलीस, तेव्हा दिवसभर एकटी कशी राहशील म्हणून मला कीव यायची तुझी.

एवढंच विचारायला हे पत्र. मी बाहेर पडलो की तुलाही बरं वाटायचं का? हो असेल तर सरळ हो लिही. मला हायसं वाटेल, वाईटही वाटेल, त्याला आता इलाज नाही. पण ये. रोज अकरा ते एक मी घराबाहेर राहीन, पार्कात, लायब्ररीत, श्रीरंगकडे. तू दार लावून घे आणि गा. मी जिन्यात उभा राहून ऐकणार नाही, असं वचन मात्र देता येत नाही.

तुझाच,
पद्माकर