सहा किलो शिल्लक

४ फेब्रुवारी

सहा किलो! तीन माणसांच्या दोन महिन्यांच्या संसाराला सहा किलो!

जावईबापूंनी आज जेवणाच्या टेबलावर हिशेब मांडला. ताटं उचलायचीसुद्धा वाट बघितली नाही. त्यांचं ते मोटरहोम — जुनंच आहे, गेल्या महिन्यात आणून इमारतीच्या मागे उभं केलंय. आत बिछाना, शेगडी, एवढीशी न्हाणी, सगळं आहे. त्यात बसून आम्ही तिघांनी समुद्रापर्यंत जायचं, असं ठरलंय. म्हणजे त्या दोघांचं ठरलं आणि मग मला सांगितलं.

गाडीचं सगळं मिळून वजन साडेतीन हजार किलोच्या वर जाता कामा नये. आज ते आणि बेबी जाऊन गाडी काट्यावर चढवून आले. रिकामीच गाडी, फक्त डिझेल, गॅसचा सिलिंडर, जादाची बॅटरी, मागे सायकल अडकवायची चौकट — तीन हजार एकशे सत्तर. राहिले तीनशे तीस. टाकीभर पाण्याचे शंभर गेले. मग माणसं. ते ब्याण्णव, बेबी अठ्ठावन्न, मी चौऱ्याहत्तर.

"ताई चौऱ्याहत्तर," असं मोठ्यानं म्हणाले! बेबी हसली. सख्खी धाकटी बहीण! तिच्या बाजूनं मी आयुष्यभर भांडले, आणि ती हसली.

उरले सहा. त्यात कपडे, अंथरुणं, भांडी, खाणंपिणं. मी गेलेच नाही तर ऐंशी उरतात. हे कोणी बोललं नाही. पण वजाबाकी मलाही येते.

६ फेब्रुवारी

झोप नीट नाही. सारखं ते ऐंशी.

हा माणूस आमच्या घरात आला तो लिफ्टमुळे. आमची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, बेबी आत. हे कंपनीकडून आले, दार उघडलं, हात देऊन तिला बाहेर काढलं. मी तिथेच जिन्यात पाण्याचा पेला घेऊन उभी होते. तिनं पाणी त्यांना दिलं! मग लिफ्ट तपासायला म्हणून चारदा आले. एवढी काय ती लिफ्ट बिघडते! पन्नासाव्या वर्षी माझ्या धाकट्या बहिणीनं लग्न केलं आणि त्यांची खोली लहान म्हणून हे इथे राहायला आले. घरजावई. आईबाबा गेल्यापासून या घरात आम्ही दोघीच होतो. मी चष्म्याचं दुकान बघायची, ती टेलिफोन ऑफिसात लोकांचे फोन जोडून द्यायची, आणि सकाळी ती मला पेपर वाचून दाखवायची. चष्मेवाली असून मला वाचून दाखवायची — आमची गंमत होती ती. आता पेपर ते घेतात. मनातल्या मनात वाचतात.

सगळे तिला बेबी म्हणतात. हे तिला तिच्या खऱ्या नावानं हाक मारतात. ऐकलं की घरात कोणी तिसरीच बाई आलीय असं वाटतं. आणि ती तिसरी बाई "ओ" देते!

९ फेब्रुवारी

न्हाणीतला वजनकाटा आता दिवाणखान्यात आलाय. जी वस्तू न्यायची ती आधी त्यावर ठेवायची. आयुष्यभर लिफ्टमध्ये "आठ माणसं" अशा पाट्या लावलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

माझं हाताचं शिवणयंत्र — अकरा किलो. "ताई, दोन महिन्यांत शिवायचं काय?"

त्यांची हत्यारांची पेटी — एकतीस! मी म्हटलं, "आणि दोन महिन्यांत दुरुस्त काय करायचं? नवी बायको?"

जरा जास्तच झालं. पण ते हसले, आणि मला ते जास्त झोंबलं.

मग घासाघीस. सायकल रद्द. चौकट आणि जादाची बॅटरी काढली, चौतीस किलो सुटले. पाणी अर्धीच टाकी, वाटेत भरत जायचं — पन्नास सुटले. मी यंत्र सोडते तर तुम्ही पेटी सोडा. ते म्हणाले, ताईंनी ती पाठीची गादी सोडावी. मी म्हटलं, माझी पाठ सोडू का? बेबी मधेच म्हणाली, "माझी दुर्बीण आणि तिपाई मिळून पाच किलो आहे. राहू दे ती." तेवढ्यावर मिटलं. गादी येणार, पेटी नाही, यंत्र नाही. मी जिंकले असं मला वाटतंय.

१३ फेब्रुवारी

दोन किलो उतरले! माझे. कोणाला सांगितलेलं नाही.

१४ फेब्रुवारी

जावईबापू दुसऱ्यांदा वाढून घेत नाहीत. भूक नाही म्हणतात. बरी भूक मेली! त्यांचंही तेच चाललंय, मी ओळखलं.

२० फेब्रुवारी

ते तिला गाडी चालवायला शिकवतायत. लहान गाडी ती पूर्वीपासून चालवते, पण हे धूड वेगळं. गोदामांच्या मागे मोकळी जागा आहे तिथे नेतात. मी पण गेले आज. मागच्या बाकावर बसले, पट्टा लावून. पुढे दोन डोकी. मला फक्त मागून दिसतात — त्यांचं टक्कल आणि तिचा अंबाडा. पुढे काय बोलतात ते इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही. हसले की अंबाडा हलतो.

एवढं मात्र ऐकू आलं, कारण ते ओरडूनच सांगत होते — "मागचं टायर फुटलं तर ब्रेक दाबायचा नाही! स्टीअरिंग घट्ट धरायचं, पाय हळूहळू काढायचा, गाडीला आपोआप दमू द्यायचं!" तिनं मान डोलावली. वळणं काय झकास घेते! मला ठाऊकच नव्हतं. मी कधी तिला काही शिकवलं का? फक्त जपलं. जपणं आणि शिकवणं — ते दुसरं मला का नाही सुचलं, या विचारानं संध्याकाळभर जीव जळला.

२७ फेब्रुवारी

आज सगळं भरून गाडी पुन्हा काट्यावर. आम्ही तिघं आत बसूनच. तीन हजार चारशे पंच्याऐंशी. पंधरा किलो शिल्लक! काटेवाल्यानं अंगठा वर केला, बेबीनं टाळ्या वाजवल्या आणि टाळी द्यायला हात पुढे केला — त्यांच्याकडे. मग आठवण झाल्यासारखा माझ्याकडे.

जावईबापूंनी परत येताना व्याख्यान दिलं. नुसतं एकूण वजन बघून चालत नाही, ते कुठे बसतं तेही बघायचं. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं सामान फार वाईट, ते मागचं टोक दाबतं आणि पुढचं उचलतं, सगळा भार मागच्या दोन टायरांवर येतो. म्हणून जड ते मधे, चाकांच्या जवळ, खाली. पाण्याची टाकी नेमकी मागच्या बिछान्याखाली आहे, म्हणून ती अर्धीच. खरं बोलतात, याचाच राग येतो.

७ मार्च

उद्या तळ्यापर्यंत एका मुक्कामाची चाचणी. दोन दिवस जायचं, यायचं, काय कमीजास्त ते बघायचं. बेबी चालवणार.

अर्धी टाकी! आता तिघांत अर्धी टाकी म्हटल्यावर कोणाच्या आंघोळीला कात्री लागणार ते मला कळत नाही का? ते दोघं आत असताना मी खाली जाऊन नळी लावली. टाकी काठोकाठ भरली. पन्नास किलो म्हणे! पाण्याचं वजन कुठे पाहिलंय कोणी? आणि पंधरा किलो शिल्लक आहेतच की, त्यात माझं यंत्रही बसेल. चादरीत गुंडाळून मागच्या बिछान्याखाली सरकवलं. तिथे आधीच काहीतरी गोणपाटाखाली झाकलेलं होतं. घाईत बघितलं नाही.

माझ्या वाट्याचं आहे ते मी घेतलं. बस्स.

९ मार्च

काल लिहायला बसवलं नाही. आज लिहिते.

तळ्याच्या अलीकडे मोठा उतार आहे. एका बाजूला डोंगर, एका बाजूला काही नाही. दोन-तीन वळणं झाली. मला मागे जाणवत होतं, गाडी जरा बोटीसारखी डुलतेय. ते म्हणाले, "हळू घे, आज मागून ओढतेय." आणि मग धाड्! बंदूक सुटल्यासारखं. मागचं उजवं टायर. गाडीचा मागचा भाग त्या काही-नाहीच्या बाजूला गेला. मला खिडकीतून रस्ता दिसेना. फक्त खोल खाली झाडांचे शेंडे.

माझ्या तोंडून किंकाळी फुटली. ते "बेबी! बेबी!" असं ओरडले. पहिल्यांदाच.

तिनं ब्रेक दाबला नाही. दोन्ही हातांनी चाक धरून बसली. गाडी डुलत डुलत, घासत घासत डोंगराच्या बाजूला आली आणि एका दगडी भिंतीला टेकून थांबली. माझं कपाळ कपाटावर आपटलं, टेंगूळ आलंय. तिचं मनगट मुरगळलं. एवढंच. एवढंच!

जादा टायर लावलं. मनगट धरून ती पुन्हा चालकाच्या जागी बसली, आम्ही काही म्हणायच्या आत. तळं राहिलं बाजूला. उताराच्या पायथ्याशी दगडांच्या ट्रकांसाठी काटा आहे, तिनं गाडी सरळ त्याच्यावर घातली. तिथल्या माणसानं आकडा सांगितला — तीन हजार पाचशे सत्त्याण्णव. मग फक्त मागची चाकं चढवून बघितली आणि म्हणाला, "सगळं मागेच बसलंय हो, बाई. टायर किती सोसणार? थोडक्यात वाचलात."

ती खाली उतरली. मागचा बिछाना उचलला. गोणपाटाखाली हत्यारांची पेटी. तिच्या शेजारी जादाची बॅटरी. त्यांच्या शेजारी चादरीतलं माझं यंत्र. मग तिनं टाकीचा काटा बघितला. काठोकाठ.

"पाणी कोणी भरलं?"

"मी," मी म्हटलं.

"पेटी?"

जावईबापू खाली बघत म्हणाले, "वाटेत काही बिघडलं तर... तुला त्रास नको म्हणून."

"मी तरी कोणासाठी?" मी म्हणाले. "तूच दमून येतेस, तुझीच आंघोळ —" खोटं. ते तिलाही कळलं.

ती आमच्याकडे बघत राहिली. एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे. रागावली असती तर बरं झालं असतं.

"चालवत मी होते," ती म्हणाली.

मग टाकीचा नळ सोडला आणि पाणी वाहून संपेपर्यंत आमच्याकडे पाठ करून उभी राहिली.

११ मार्च

ती माझ्याशी बोलत नाही. त्यांच्याशीही नाही. आधी मला तेवढंच बरं वाटलं — किती नीच आहे मी!

सकाळी मनगटाची पट्टी सुटली. मी औषधाच्या डब्याकडे धावले, ते दुसऱ्या बाजूनं धावले, दोघांचे हात डब्यावर. तोवर तिनं पट्टीचं टोक दातात धरून आपली आपण बांधलीसुद्धा.

१८ मार्च

ती रोज खाली गाडीत जाऊन बसते. आम्हाला बोलावत नाही. आम्ही दोघं वर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत उभे. एकाच खिडकीतून. मी म्हटलं, "तुमची पेटी होती म्हणून झालं." ते म्हणाले, "पाणी पन्नास किलो होतं, ताई." खाली ती एकेक वस्तू बाहेर काढून ठेवत होती. माझी गादी. त्यांची घडीची खुर्ची. माझी भांडी. त्यांचे नकाशे.

"साफ करत असेल," ते म्हणाले.

"हो, साफच," मी म्हटलं.

२५ मार्च

मनगट बरं झालं. आज तिनं टेबलावर दोघांना एकदम वाढलं, आणि बोलली. इकडचं तिकडचंच बोलली, पण बोलली! मी तिला पेपर वाचून दाखवायला सांगितलं. तिनं वाचला, जोरात, त्यांनाही ऐकू जाईल असा. मला तो नुसता माझ्यासाठी हवा होता. अजूनही! टायर फुटलं, जीव वाचला, पण मी काही सुधारत नाही.

विचारलं, "मग समुद्राचं काय?" म्हणाली, "जायचंय ना."

२ एप्रिल

बेबी गेली. एकटी. चहा झाल्यावर किल्ली उचलली, म्हणाली, "दोन महिन्यांनी येईन. तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळा, मला आता दम खाऊ द्या." आम्ही जिन्यानं धावत खाली पोचलो तोवर गाडी कोपऱ्यावर वळलीसुद्धा. काय सफाईनं वळली!

संध्याकाळी फोन आला. मला. त्यांना नाही, मला! नदीच्या काठी थांबलीय म्हणाली. खूप हसत होती, लहानपणी हसायची तशी. त्यांचं नावही काढलं नाही. वर्षभर मला हेच हवं होतं.

फोन ठेवून वळले तर जावईबापू दारात उभे. हातात फडकं, उगाच तोच पेला पुसत होते.

"माझं काही विचारलं का हो, ताई?"

"म्हणजे काय!" मी म्हटलं. "आधी तुमचंच विचारलं."