तिला पुढे करू नका

नाना, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमच्यावर रागवावं असं मला कधी वाटलं नव्हतं. कुणी तुमच्याविषयी वेडंवाकडं बोललं तर मीच भांडायला उठायचे. या उन्हाळ्यात मात्र असं काही हाती लागलं की त्या दिवसापासून तुमच्या फोटोला हार घालायला माझा हात उचलत नाही. मंडळाच्या खोलीत ते काम दुसरं कुणीतरी करतं आणि मी त्या वेळी रजिस्टरात डोकं घालून बसते.

तुमची माझी पहिली भेट तुमच्या लक्षात होती की नाही, मला माहीत नाही. लग्न होऊन मी बोदवडहून धुळ्याला आले त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. सासूबाई सरकारी दवाखान्यात होत्या आणि मी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले होते. तुम्ही आलात. पांढरा शर्ट, पायात चपला, खिशाला दोन पेनं. शाळेतले मास्तर, हे न सांगताही कळत होतं. तुम्ही मला विचारलंत, "मुली, इथे बसलीच आहेस तर त्या आजींजवळ बसशील का? साक्रीकडच्या आहेत, घाबरल्यात." मी गेले. आजींनी माझा हात घट्ट धरला. "माय, मनी पोर कठे शे?" त्यांची लेक औषधं आणायला गेली होती. आमच्या बोदवडकडची बोली वेगळी, तरी त्यांचं बोलणं मला कळलं आणि माझं त्यांना. लेक येईपर्यंत मी तो हात सोडला नाही. निघताना तुम्ही म्हणालात, "दर मंगळवारी येत जा. दुपारी दोन तास. दुसरं काही करायचं नाही, सोबत करायची." तेव्हा मंडळ म्हणजे तुम्ही धरून सहा माणसं होती. डोंगराकडून आलेल्या माणसाला केसपेपर काढून द्यायचा, योग्य खिडकीपाशी न्यायचं, डॉक्टर काय म्हणाले ते त्याच्या भाषेत सांगायचं आणि तो बसमध्ये बसेपर्यंत थांबायचं. एवढंच मंडळाचं काम होतं आणि आजही तेच आहे.

तुमचा ओरडा मी एकदाच खाल्ला. नणंदेकडे हळद होती म्हणून एका मंगळवारी मी न कळवता गेले नाही. त्या दिवशी हाताचा फोटो काढायला आलेली एक बाई सकाळपासून भलत्याच खिडकीसमोर बसून राहिली. तिला पाट्या वाचता येत नव्हत्या आणि पाटी वाचून दाखवायची पाळी माझी होती. खिडकी बंद झाल्यावर ती तशीच घरी गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एसटी स्टँडवर बोलावलंत आणि साक्रीच्या गाडीत बसवलंत. साक्रीहून जीप, पुढे अर्धा तास चालणं. ती बाई अंगणात एका हाताने नागली पाखडत होती. तुम्ही मला म्हणालात, "सांग तिला, काल कोण आलं नव्हतं ते." मी सांगितलं. ती म्हणाली, "बठ्ठा दिन बसनू मी तठे." आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. मग तिनेच आम्हाला भाकरी वाढली. परतीच्या गाडीत तुम्ही म्हणालात, "येतो म्हणून न येणं ही फसवणूक असते. आपण येणारच नसतो तर ती माणसं दुसरी सोय बघतात." नाना, हे वाक्य मी पुढे प्रत्येक नव्या माणसाला ऐकवलं. शे-दीडशे माणसं तरी आली गेली असतील. पावसात, परीक्षांच्या दिवसांत, दिवाळीत पाळ्या लावल्या. रुसलेल्यांच्या घरी जाऊन चहा प्यायले आणि त्यांना परत आणलं. मंडळ टिकलं ते असं.

तुम्ही थकलात आणि अध्यक्ष कोण हा प्रश्न आला, तो दिवस मला आठवतो. तुमच्या स्वयंपाकघरात आम्ही जेवतोय. भरीत आणि कळण्याची भाकरी आहे, काकू वाढतायत. तोवर सगळं काम मीच बघत होते आणि सगळे मलाच धरून चालले होते. तुम्ही ताटाकडे बघत म्हणता, "या वेळी आपल्या कार्यकारिणीतल्या वकीलसाहेबांना अध्यक्ष करू. नाव त्यांचं राहू दे. तुझ्यासारखीला पदाची काय गरज? पदापेक्षा काम मोठं." मला वाईट वाटतं, पण अभिमानही वाटतो. तुम्ही मला पदाच्या वर नेऊन बसवलं, असंच मला वाटतं. काकू पातेलं ओट्यावर आपटतात आणि म्हणतात, "तिला काय ते खरं सांगा की." तुम्ही म्हणता, "तू वाढ." मला वाटलं, नवराबायकोचं काहीतरी असेल.

यंदा मंडळाची स्मरणिका काढायचं ठरलं. तुमच्यावरचा लेख माझ्याकडे आला म्हणून तुमच्या लेकीने कागदांची पेटी आणून दिली. तुम्ही प्रत्येक पत्राचा आधी कच्चा मसुदा करायचात, जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. त्यातच एक मसुदा सापडला. त्या वेळच्या कार्यकारिणीला लिहिलेला. तुमचं अक्षर माझ्याइतकं कुणाला ओळखता येणार? "कामाला तिच्यासारखी दुसरी नाही. पण तिला पुढे करू नका. बाईमाणूस आहे, उद्या घरचे नाही म्हणाले तर मंडळ उघडं पडेल. शिवाय एकदा पद मिळालं की ती कुणाचं ऐकणार नाही. पद न देताही ती काम सोडणार नाही, याची खात्री मी देतो."

मी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. म्हणजे कार्यकारिणीतल्या सगळ्यांना हे माहीत होतं. मला सचिव ठेवून इतकी वर्षं ते "ताई, तुम्हीच खऱ्या अध्यक्ष" म्हणत आले आणि मी लाजत आले. माझ्या घरचे एकदाही नाही म्हणाले नाहीत, नाना. सासूबाई तर मंगळवारी स्वयंपाक स्वतः करायच्या. तुम्ही त्यांना विचारायला तरी यायचं होतं.

पुढच्या महिन्यात वार्षिक सभा होती. वकीलसाहेबांचं नाव नेहमीप्रमाणे कुणीतरी सुचवलं. मी उभी राहिले आणि म्हटलं, "या वेळी मी उभी आहे." आधी सगळे हसले, थट्टा वाटली त्यांना. मग वकीलसाहेबच म्हणाले, "जरूर. ताईंच्या नावाला अनुमोदन कोण देतंय?" कुणी चष्मा पुसत होतं, कुणी अजेंडा वाचत होतं. मी साक्रीच्या पोरीकडे बघितलं. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आईला घेऊन दवाखान्यात आली होती आणि नंतर आमच्यातलीच झाली. आता परिचारिका आहे. मीच तिला तयार केलं. ती देईल अनुमोदन, याबद्दल मला शंका नव्हती. ती खाली बघत म्हणाली, "ताई, तुम्हाला पद कशाला? पदापेक्षा काम मोठं ना?" सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी टाळीही वाजवली.

सभेनंतर जिन्यात मी तिला गाठलं. "टोमणा मारलास का मला?"

ती गोंधळली. "टोमणा कसला, ताई? मी मागच्या वर्षी कार्यकारिणीत घ्या म्हटलं, तेव्हा तुम्हीच हे सांगितलं. मला आधी वाईट वाटलं होतं. मग पटलं. आता मी सगळ्यांना तेच सांगते."

मी पर्समधून तुमचा मसुदा काढला आणि तिच्या हातात दिला. तिने उभ्याउभ्याच वाचला. घडी घालून मला परत दिला. मग म्हणाली, "म्हणजे हे तुम्हाला गप्प बसवायला होतं. मग तुम्ही मला का सांगितलं?"

मला तेव्हा हे माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. ते खरंही होतं. पण ती मागच्या वर्षी माझ्यासमोर बसली होती तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मला आठवलं. ही पोर सारखी साक्रीलाच वेगळी शाखा काढू म्हणते, हिला आताच कार्यकारिणीत घेतलं तर ही कुणाचं ऐकणार नाही. नाना, शब्दसुद्धा तुमचेच होते, आणि ते मी तुमचा कागद वाचण्याच्याही आधी माझे माझेच काढले होते. मी तिला एवढंच म्हटलं, "चुकलं माझं." ती जिना उतरून गेली.

मी सचिवपद सोडलं आणि त्या जागी तिचं नाव दिलं. तिने नको म्हटलं. साक्रीत तिने आठ जणींना जमवलंय. आमच्याकडे विचारायला आली नाही, कळवायला आली. अध्यक्ष कोण म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "मीच. आणि दर दोन वर्षांनी बदलणार." मला त्यांनी बोलावलेलं नाही. धुळ्यात अध्यक्ष अर्थातच वकीलसाहेब आहेत.

हे सगळं लिहून मी तुमच्या पेटीत ठेवणार होते. पण पेटी तुमच्या लेकीकडे परत जायची आहे. ती हे वाचेल आणि बापाबद्दल तिच्या मनात जे आहे ते बिघडेल. तेव्हा हे कागद माझ्याकडेच राहतील. तुमचा मसुदाही. स्मरणिकेतला लेख मी लिहून दिला आहे. त्यात साक्रीच्या गाडीचा दिवस आहे, हे नाही.

फक्त एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी होती. त्या दिवशी जेवताना तुम्ही सरळ सांगितलं असतंत, की तू बाई आहेस आणि मला तुझी भीती वाटते, म्हणून तुला अध्यक्ष करत नाही. मी रडले असते, ताटावरून उठले असते. आणि मंगळवारी दुपारी दवाखान्यात आले असते.