कोऱ्या कपाळाचा रोबोट

कळंब. महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, संध्याकाळ.

आईला जाऊन वर्ष व्हायचंय, त्यामुळं यंदा आमच्याकडं महालक्ष्म्या बसल्या नाहीत. माझे बोटाएवढे जपानी रोबोटही डब्यातच राहिले. तिकडं मशीनमध्ये नाणं टाकलं की प्लास्टिकच्या अंड्यातून निघतात ते. मी ऑनलाइन मागवून जमवलेत. आई दरवर्षी ते आराशीत मांडायची आणि उदबत्तीच्या काडीनं एकेकाला कुंकू लावायची. रंग खराब होईल म्हटलं तर म्हणायची, “देवीपुढं कोऱ्या कपाळानं बसवू व्हय त्यांना?”

आज कुरिअरनं नवा आला. निळा, रुंद खांद्यांचा. काडी हातात घेतली अन् ठेवून दिली. प्लास्टिकला कसलं सुतक? पण जमेना. डब्यातल्या सगळ्यांच्या कपाळावर तिचा ठिपका आहे. इथून पुढं येतील ते कोरेच.