गोठवलेली जागा

ती. ताईस,
धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

आमच्या दवाखान्यात बरंच काही गोठवून बरं करतात. कुणाची चामखीळ, कुणाच्या डोळ्याच्या पडद्याची चीर, मोठं ऑपरेशन न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मूत्रपिंडातली गाठसुद्धा. नर्स म्हणून मी शेजारी उभी असते. परवा मात्र टेबलावर मीच होते. गर्भपिशवीच्या तोंडाशी बिघडलेल्या पेशी सापडल्या होत्या. कॅन्सर नव्हता, पुढे झाला असता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुला काय सांगायचं? थोडं गार लागेल, हे तूच सगळ्यांना सांगतेस."

तेवढंच लागलं. पोटात जरा कळ आली. टाके नाहीत, काही नाही. घरी येऊन भांडी घासली. रडू येईल असं वाटलं होतं, अजून आलेलं नाही.

पोरींची परीक्षा झाली का? तुझी कंबर कशी आहे?

आईने लाजेपायी तोंड उघडलं नाही, आणि कळलं तेव्हा गोठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. तूही तिच्यासारखीच आहेस गं. दाजींना विचारत बसू नकोस, तपासून घेऊन ये. तिथे लाज वाटली तर मला मनातल्या मनात शिव्या घाल, पण जा.

तुझीच,
धाकटी